राठोड मॅडमचा संशय

राठोड मॅडम कुणाचीही स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांच्या ओळी, शेवटापासून वाचायच्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून निघालेला लांबच लांब कागद टेबलावर पसरायचा, तळाच्या ‘एंड’वर बोट टेकवायचं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, “हा कुनाचा?” म्हणजे हा ‘एंड’ कुठल्या ‘बिगिन’चा? त्यानं वरचा ‘बिगिन’ दाखवला की पेन्सिलीनं दोघांना जोडणारी रेघ मारायची आणि पुढच्या ‘एंड’वर बोट. एखाद्याचा जोडीदार सापडला नाही, तर कागदाची घडी करून परत. वर एक वाक्य, “लेकरू सोडून दिल्यावानी सोडलंय हे. घेऊन जा.”

मी साखऱ्याचा, सेनगाव तालुक्यातला. नांदेडला संगणकाचा डिप्लोमा केला आणि वसमत भागातल्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात लागलो. हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि आमच्या कारखान्यातही जुनं फॉक्सप्रो सॉफ्टवेअर जाऊन नवा सर्व्हर आला होता. विभाग म्हणजे एक खोली, खिडकीला पाणी मारायचा कूलर, आणि विभागप्रमुख शेवंता राठोड. पंचेचाळिशीच्या आसपास, सडपातळ, सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. मी नेमणुकीचं पत्र पुढं केलं तर त्यांनी ते उजेडाकडं धरून शिक्का पाहिला. मग म्हणाल्या, “बस. कुनाच्या वळखीनं आलास?”

“कुणाच्या नाही, मॅडम. मुलाखत दिली.”

“असं सगळेच म्हन्तात,” त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

पुढचे कित्येक महिने त्यांनी मला मुख्य मशीनला हात लावू दिला नाही. मी लिहायचं आणि त्यांनी तपासायचं, एवढंच. माझी पहिली स्क्रिप्ट होती एका गावाच्या ऊस नोंदी दुरुस्त करण्याची. मी ‘इफ’, म्हणजे ‘ते गाव असेल तर’, लिहून त्याखाली दोन ओळी लिहिल्या होत्या, छान आत सरकवून, एकाखाली एक. मॅडमनी बोट ठेवलं.

“ही दुसरी ओळ कुनासाठी?”

“त्याच गावासाठी. इफच्या खालीच आहे ना.”

“तुला दिसतीय खाली. मशीनला तुझी जागा सोडलेली दिसत न्हाई. ते इफच्या खाली एकच ओळ धरतं. दुसरी ओळ आख्ख्या तालुक्याला लागंल. दोन्ही एकात धरायच्या तर बिगिन-एंडमधी बांध.” मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “दिसतंय त्येच्यावर भरोसा ठेवायचा न्हाई, गजानन.”

‘गो’ या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. स्क्रिप्टमध्ये मधे ‘गो’ लिहिलं की तिथवरच्या ओळींची एक खेप होते. तेवढ्या ओळी सर्व्हरकडं जातात, त्यांचं काम होतं किंवा फसतं, आणि मग पुढची खेप जणू काही घडलंच नाही अशी सुरू होते. आधीच्या खेपेत काय ठरलं होतं, हे तिला ठाऊक नसतं. “नव्या मान्सावानी येतं ते,” मॅडम म्हणायच्या. “मागं काय बोलनं झालं, त्येला ठाव न्हाई. म्हनून परत्येक ‘गो’नंतर पुन्ना पैल्यापासून इचारायचं.”

संशय हा त्यांचा कामापुरता गुण नव्हता. जेवून आल्या की आधी टेबलाकडं पाहायच्या. “माउस डाव्या अंगाला काहून हाय?” शिपायानं फडकं मारताना सरकवला, हे सिद्ध होईपर्यंत मी आरोपी. पावसाळ्यात कूलर बंद असताना खोली गार लागली, तर कुणी आत येऊन गेलं का, अशी विचारणा. चेअरमनसाहेबांनी दिवाळीला सगळ्यांना मिठाईचे डबे पाठवले, तेव्हा मॅडमनी डबा उघडून पाहिला, झाकला आणि म्हणाल्या, “औंदा काहून?” मला त्यांचं हसू यायचं, आणि कधी कधी घुसमटही व्हायची. ज्या माणसाबरोबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं, तोच आपल्याकडं चोरासारखा पाहतो, हे सोसायला जड जातं.

एकदा मी वैतागून विचारलंच, “मॅडम, तुमचा कुणावर विश्वास आहे?”

त्यावर त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा तांडा कळमनुरी तालुक्यात, डोंगरकडा गावाच्या पलीकडं. आजोबांच्या वेळेपर्यंत बैलांच्या पाठीवर माल वाहणारी माणसं, नंतर शेतीला लागलेली. शाळेत नाव घालायला वडील घेऊन गेले, तेव्हा मास्तरांनी जन्मतारीख विचारली. वडिलांनी सांगितलं, त्या साली फार पाऊस होता, ज्वारी काळी पडली होती. मास्तरांनी मनाला येईल ती तारीख लिहिली. “तवापासून तीच माजी तारीख. माज्या वयावर माजाच भरोसा न्हाई, दुसऱ्याचं काय घेऊन बसलास.” त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

तारखांवरचा हा संशय पुढं त्यांच्यावरच उलटला. ते समजायला कारखान्याची तोड कशी ठरते, हे सांगायला हवं. उसाची लागवड ज्या दिवशी झाली, ती तारीख कारखान्यात नोंदलेली असते. जुन्या लागवडीचा ऊस आधी तोडायचा आणि नव्याचा नंतर. तोडीचा क्रम आमच्या मशीनमधून निघायचा. वेळेवर तोड नाही आली तर उभा ऊस वाळतो, हलका होतो, तुरा येतो. त्यामुळं हंगामात आख्ख्या भागाचा जीव त्या क्रमात अडकलेला असतो, आणि ज्याचा नंबर मागं गेला, त्याला वाटतं की कुणीतरी मुद्दाम केलं. बऱ्याचदा पूर्वी तसं होतही असे.

मॅडमच्या तांड्यातल्या लागवडीच्या तारखा चुकीच्या पडल्या होत्या. नोंदी घेणारा चिटबॉय महिनाभर उशिरानं तांड्यावर गेला, आणि लावण कधी झाली हे न विचारता त्यानं आपण गेलो त्या दिवसाची तारीख टाकली. मॅडमनी शेतकी अधिकारी कदमसाहेबांकडं तक्रार केली. पाहणी झाली, तारखा महिनाभर मागं घ्यायचं ठरलं. पण नवी प्रणाली पुण्याच्या एका कंपनीची होती, बदल त्यांचाच माणूस करायचा. तो आला, त्यानं आपली स्क्रिप्ट चालवली आणि तारखा दुरुस्त झाल्या.

“मला वाचू द्या ती,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, आमचं आम्हाला येतं,” असं म्हणून तो हसला आणि फ्लॉपी खिशात घालून गेला.

त्या दिवशी मॅडमनी तांड्याच्या एकेका प्लॉटची, म्हणजे वावराची, नोंद एकदा नीट तपासली. मग मला म्हणाल्या, “आता यापुढं मी हे प्लॉट उघडनार न्हाई. माजाच तांडा. मी सारखी बघत राहिले तर लोक म्हनतील, राठोडीन आपल्या मान्सांचं करून राहिली.” आणि त्यांनी खरोखर पुन्हा ते उघडले नाहीत. सगळ्या कारखान्याच्या नोंदी तपासणारी बाई स्वतःच्या गावाकडं पाठ करून बसली.

हंगाम सुरू होण्याआधी कंपनीचा माणूस पुन्हा आला, या वेळी सीडी घेऊन. वर्षभरातले सगळे बदल एकत्र करून आणले होते. मॅडम बहिणीकडच्या लग्नाला गेल्या होत्या. मी खोलीत होतो, पण परवानगी वरूनच आलेली होती. त्यानं सीडी घातली, चालवली, सगळं ठीक आहे म्हणाला. मॅडम परतल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, “मी नसतानाच काहून?” मी त्याला त्यांचा नेहमीचा संशय समजलो.

तोड सुरू झाली. एका दुपारी मॅडमचा धाकटा भाऊ देविदास हसत खोलीत आला. हातात गुळाची ढेप, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. “ताई, आपल्याकडं तोडीची टोळी उतरली. सगळ्यांच्या आधी! माज्या वावरात कोयता लागला बी.”

मॅडमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आनंद नाहीच. डोळे बारीक झाले. “इतक्या लवकर काहून?” त्यांनी विचारलं. तो हसतच होता. “काहून म्हंजे? तारीख दुरुस्त केलीस ना तू?”

तो गेल्यावर त्यांनी मला तांड्याचे प्लॉट काढायला सांगितले. स्वतः कीबोर्डला हात लावला नाही. पडद्यावर तारखा आल्या. दुरुस्त केलेल्या तारखांपेक्षाही त्या महिनाभर मागं होत्या. लावण झालीच नव्हती अशा दिवशी तांड्याचा ऊस लावलेला दिसत होता.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. “सीडी चालली त्या दिवशी तू होतास ना हितं?”

मीही त्यांच्याकडं पाहिलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. तांडा त्यांचा, दुरुस्ती त्यांनी मागितलेली, फायदा भावाचा. नोंदी पुन्हा उघडणार नाही असं आपणहून सांगणं, हेही एखाद्या कावेबाज माणसाचं लक्षण असू शकतं. एका खोलीत बसलेली दोन माणसं एकमेकांना चोर समजत होती, आणि सर्व्हर घरघरत होता.

त्या उठल्या. “चल,” म्हणाल्या.

कदमसाहेबांच्या केबिनमध्ये डोंगरकडा भागातले शेतकरी आधीच जमले होते. पुढं बसलेले एक पाटील मोठ्या आवाजात बोलत होते, “आमचा ऊस तिच्या तांड्याच्या आधीचा. तिनं आत बसून बटन दाबलं आणि आमी मागं! व्हय का न्हाई, साहेब?” तेवढ्यात मॅडम आत शिरल्या.

मॅडम म्हणाल्या, “तुमचं म्हननं बराबर हाय. तांड्याचा ऊस पुढं गेलाय आणि ते चूक हाय. कुनी केलं ते मला अजून ठाव न्हाई. शोध माज्यापासून सुरू करा. मी मशीनला हात लावनार न्हाई. हा गजानन बघंल. त्याच्यावर बी नजर ठेवा. पाटील, तुमी सोता येऊन बसा.”

पाटलांना याची अपेक्षा नव्हती. ते आले मात्र. आमच्या खोलीत त्या दिवशी माझ्या एका बाजूला पाटील, दुसऱ्या बाजूला कदमसाहेब, आणि मॅडम मागं भिंतीला खुर्ची लावून, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. पुण्याला फोन लावला. कंपनीचा माणूस चिडला. म्हणाला, जुनी दुरुस्ती सीडीत आहे, पण ती दुसऱ्यांदा चालूच शकत नाही, वर तपासणी लिहिलेली आहे. मी सीडीतली ती स्क्रिप्ट उघडली. तपासणी होती. ‘ही दुरुस्ती आधी झाली असेल, तर तसा निरोप छाप आणि परत फिर.’ बिगिनला एंड होता. अगदी नीटनेटकं काम. कदमसाहेब सुस्कारा टाकून म्हणाले, “म्हणजे मशीनचा दोष नाही.” आणि सगळ्यांच्या नजरा मागच्या खुर्चीकडं वळल्या.

मॅडम जागेवरूनच म्हणाल्या, “एंडच्या खाली काय हाय, गजानन?”

“गो आहे, मॅडम.”

“आणि तारखा मागं घ्यायची ओळ?”

“गोच्या खाली.”

मग मॅडमनी पाटलांना उद्देशून सांगितलं, “पाटील, ते ‘परत फिर’ म्हननं तेवढ्या खेपेपुरतं हाय. ‘गो’ आलं की खेप संपली. मशीन तितून परत फिरलं, आणि खालची खेप घेऊन पुन्ना नव्यानं आलं. तिला कुनी सांगितलंच न्हाई की हे काम झालंय म्हनून.”

“हे तुमी म्हन्ता,” पाटील म्हणाले. “मी काहून मानू?”

“बराबर. मानू नका,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा कुणाबद्दल तरी आदर जाणवला. “गजानन, सगळ्या नोंदींची येगळी नक्कल कर. तिच्यावर चालव. पाटलांना बघू दे.”

मी नक्कल केली. पाटलांनी डोंगरकड्याच्या बाजूचा एक आणि तांड्याचा एक असे प्लॉट आपल्या मनानं निवडले, त्यांच्या तारखा पाहून ठेवल्या. मी स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर पहिला निरोप उमटला : ही दुरुस्ती आधीच झालेली आहे. आणि लगेच त्याच्याखाली दुसरा निरोप, इतक्या नोंदी बदलल्या. तांड्याच्या प्लॉटची तारीख आणखी महिनाभर मागं गेली होती. डोंगरकड्याचा प्लॉट जसाच्या तसा.

पाटील खुर्चीत मागं टेकले. “अरे! झालंय म्हन्तंय, आणि पुन्ना करतंय बी!” मग त्यांनी मागं वळून मॅडमना हात जोडले. “बाई, आमी तुमच्यावर...”

“तुमचं काई चुकलं न्हाई,” मॅडम म्हणाल्या. “मी तुमच्या जागी असते तर मी बी माज्यावरच संशय घेतला असता.”

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण तांड्यात टोळी तोडत होती. कदमसाहेब म्हणाले की अर्धं वावर तुटलं आहे, आता एवढा तुकडा होऊ द्या, उद्यापासून क्रम बरोबर करू. पाटलांनीही हरकत घेतली नाही. मॅडम म्हणाल्या, “आज थांबलं पाहिजे. उद्या म्हनलं की कुनाला तरी वाटंल, मधल्या दिवसात काय केलं.”

कारखान्याच्या जीपमधून आम्ही गेलो. ऊन कलायला लागलं होतं. देविदासच्या वावरात टोळीची माणसं मोळ्या बांधत होती, बैलगाडी अर्धी भरली होती. तोडलेला ऊस तेवढा न्या, बाकी उभा राहू द्या, असं कदमसाहेबांनी मुकादमाला सांगितलं. मुकादमानं कोयते थांबवले. देविदासला आधी कळेचना. मग तो बहिणीसमोर येऊन उभा राहिला. आपसांत ते गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलत, पण आम्ही ऐकावं म्हणून की काय, तो मराठीत बोलला.

“चूक तुजी हाय का?”

“न्हाई.”

“माजी हाय?”

“न्हाई.”

“पुण्याच्या मान्साची चूक. मग सजा मला काहून?”

मॅडमनी उभ्या राहिलेल्या उसाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “नंबर आला की तुटंल तुजा ऊस.” देविदासनं मान फिरवली आणि तो बैलांकडं निघून गेला. परतताना जीपमध्ये मॅडम बाहेर बघत होत्या. मी काही बोलायला गेलो तर म्हणाल्या, “तिकडल्या वावरात तोड खरंच थांबली का, ते मुकादमाला सकाळी पुन्ना इचार.”

देविदासचा उरलेला ऊस त्याच्या खऱ्या नंबरावर गेला. पण अर्धं वावर मोकळं आणि अर्धं उभं, त्यात डुकरं शिरली, बरीच नासाडी झाली. पुण्याच्या कंपनीनं दुरुस्त सीडी पाठवली. चेअरमनसाहेबांनी सभेत मॅडमचं नाव घेऊन कौतुक केलं, तेव्हा त्यांनी माझ्या कानाशी विचारलं, “ह्यांना आता काय पाहिजे?” भावाबहिणीचं बोलणं मात्र तुटलं. भाऊबीजेला मॅडम कामावर येऊ लागल्या. सुट्टी काहून घ्यायची, म्हणायच्या.

काही वर्षं अशीच गेली. मग तांड्यावर त्यांची आई अंथरुणाला खिळली. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. आईजवळ कुणीतरी कायम हवं होतं. एका सोमवारी त्यांनी नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. मी थांबा म्हणालो, सुट्टी घ्या म्हणालो. “अर्धं हितं अर्धं तितं मला जमत न्हाई,” एवढंच बोलल्या.

शेवटच्या दिवशी निरोप-समारंभ झाला, शाल-नारळ झालं. मग त्या मला घेऊन खोलीत आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, “माजा प्रवेश बंद कर.”

“मॅडम, घाई काय आहे? करतो उद्या.”

“उद्या मी बाहेरची असंल. बाहेरच्या बाईला आत यायला रस्ता काहून ठेवायचा? कर माज्यासमोर.”

मी त्यांचं नाव काढलं. झालं म्हणालो. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या, चष्मा वर सरकवला आणि आपलं नाव, आपला पासवर्ड टाकला. मशीननं नकार दिला. त्यांनी पुन्हा एकदा टाकला, सावकाश, एकेक अक्षर दाबून. पुन्हा नकार. मॅडम पडद्याकडं पाहून हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “आता बराबर,” म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, “गजानन, तुज्यावर माजा संशय कमी झाला होता बरं का. ते काई चांगलं न्हाई. कुनी तरी तुला तपासनारं ठेव.”

मी त्यांची पेटी घेऊन गेटपर्यंत गेलो. बाहेर एक मोटारसायकल उभी होती, आणि तिच्याजवळ देविदास. केस पांढरे झालेले. मला वाटलं, हा आता काय बोलतो कोण जाणे. मी पेटी घट्ट धरून उभा राहिलो. त्यानं ती माझ्या हातातून घेतली, मागं ठेवली आणि दोरीनं बांधू लागला. बांधून झाल्यावर बहिणीकडं न पाहता त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला.

मॅडमनी माझ्यासाठी म्हणून मराठीत सांगितलं, “बांधलंय म्हन्तोय. बस म्हन्तोय.” आणि बसण्याआधी त्यांनी दोरीची गाठ दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

देविदास बघत होता. “बांधलंय की गं नीट,” तो म्हणाला, या वेळी मराठीत.

“बघू दे मला,” मॅडम म्हणाल्या. गाठ पुन्हा एकदा ओढली, आणि मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून मागं बसल्या.